बिनभोकांचा पत्रा

लडक्या सकाळी उठला की तोंड धुवायच्या आधी जीपपुढे उकिडवा बसायचा. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान तिरकी, नजर इंजिनाखालच्या जमिनीवर. रुपयाएवढा काळा डाग दिसला की उठायचा आणि चहा मागायचा. डाग तळहाताएवढा असला तर घरातून डबा आणून आधी इंजिनात तेल ओतायचा, मग चहा मागायचा. तेल बघायची काडी प्रत्येक गाडीला असते, तशी त्याच्याही जीपला होती, पण ती मोडून जमाना लोटला होता. त्या नळीत धूळ जाऊ नये म्हणून त्याने बांबूची चिपाटी कोंबली होती. डॅशबोर्डवरचा तेलाचा लाल दिवा तर आधीच्या मालकाच्या दारातच मेला होता. मी एकदा चिडून विचारलं, "अरे, तेल कमी झालं ते तुला कळतं तरी कसं?" तर मलाच वेड्यात काढलं. "जमीन सांगते ना," म्हणाला, "तू काय गाडीच्या पोटात तोंड घालून विचारतोस?"

आमच्या बाजूला पाड्यावरचा माणूस कलेक्टर समोर आला तरी 'तू'च म्हणतो. त्यात अपमान नसतो. मला तर लडक्याचं 'तू' ऐकायची इतकी सवय झाली होती, की आता दुकानात कुणी 'तुम्ही' म्हणालं की पाहुणा आल्यासारखं वाटतं.

मी सुदर्शन, वेल्डर. मूळचा झाईचा. वडील होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे. मी उंबरगावच्या एका कंपनीत वेल्डिंग शिकलो आणि तलासरीला हायवेच्या कडेला दुकान टाकलं. दुकान म्हणजे चार खांब, वर पत्रा आणि मधोमध मी. गेट, ग्रील, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, सगळं करतो. माझा स्वभाव तापट आहे. हे कौतुकाने सांगत नाही, पुढे त्या तापटपणाने काय केलं ते सांगायचंय म्हणून आधीच कबूल करतो.

लडक्या खडकपाड्याचा. तलासरीपासून अकरा किलोमीटर, आणि त्यातले सात तरी असे की त्यांना रस्ता म्हणायला जीभ रेटत नाही. नाला, चढ, दगड, पुन्हा नाला. आधी तो एका ठेकेदाराकडे ड्रायव्हर होता. ठेकेदाराने काम गुंडाळलं आणि म्हातारी जीप याच्या गळ्यात बांधून गेला. हे दोन हजार चौदाचं. त्याच वर्षीच्या जूनमध्ये त्याची मुलगी रूपी सहावीत गेली होती. पाड्यावरची शाळा पाचवीला संपते. रूपीला आश्रमशाळेत ठेवलं, तर तिथे तिला करमेना, आणि दोन वेळा ती एकटी चालत घरी आली. दुसऱ्या वेळी तिची आई बारकी तिला मारायला धावली, तर लडक्या मध्ये पडला. "एवढी पोर एवढं चालून येते, तर मी गाडीने नेतो," म्हणाला. मग सकाळी मजूर, भाजीच्या टोपल्या आणि शाळेची पोरं घेऊन तलासरीला यायचं आणि संध्याकाळी सगळ्यांना परत न्यायचं, हा त्याचा धंदा झाला. पुढच्या डाव्या सीटवर रूपी. ती सीट तो पोलीसपाटलालाही द्यायचा नाही.

स्वतः दुसरीत शाळा सोडलेला माणूस. पण रूपी कितवीत आहे, तिचा कोणता धडा चाललाय, कोणत्या मॅडम चांगल्या, सगळं त्याला पाठ. खडकपाड्यातून दहावीला बसलेली एकही मुलगी तोवर नव्हती. पाड्यावर महिन्यातून एकदा नर्सबाई यायची. रूपीने तिला पाहून ठरवलं होतं, आपण हे व्हायचं. दहावी, मग डहाणूला बारावी, मग नर्सिंग. लडक्या हे सांगताना तीन बोटं मोजून दाखवायचा आणि पहिलं बोट जरा जास्तच घट्ट धरायचा.

आता जीपचं. इंजिनाच्या बुडाशी तेलाची परात असते, तिला आम्ही चेंबर म्हणतो. गाडीत सगळ्यात नाजूक तेच, आणि देवाला कसली अक्कल, सगळ्यात खाली लोंबतंही तेच. सोळा सालच्या पावसाळ्यात नाल्यातला दगड लागून लडक्याचं चेंबर फुटलं. त्याने बारकीचा कपड्याचा साबण फटीत कोंबला आणि गाडी माझ्या दुकानापर्यंत आणली. मी वेल्डिंग मारून दिलं. अठराच्या फेब्रुवारीत पुन्हा फुटलं. पुन्हा साबण, पुन्हा मी. त्या वेळी मी बजावलं, "आता खाली पत्र्याचा गार्ड लाव, नाहीतर तिसऱ्यांदा येऊ नकोस." हो म्हणाला आणि आठ महिने फिरकला नाही.

आला तो ऑक्टोबरात, भात कापणीच्या तोंडावर. एका रविवारी, रूपीला सोबत घेऊन. ती तेव्हा दहावीत होती.

गार्ड निवडायला त्याने अख्खी सकाळ खाल्ली. मी त्याला आधी वापीहून आणलेला तयार गार्ड दाखवला. पातळ पत्रा, वर काळा रंग. शेजारीच दुसऱ्या एका जीपचा तसाच गार्ड पडला होता, दगड लागून आत दबलेला, चेंबरला जाऊन टेकलेला. लडक्याने दोन्हीकडे पाहिलं आणि पहिला बाजूला सारला. मग अॅल्युमिनियमचा होता. मुंबईची हौशी मंडळी मोठाल्या गाड्या घेऊन जंगलात शिरतात, रविवारी दगडांवर चढवतात आणि सोमवारी धुऊन ठेवतात, त्यांच्यापैकी एकाने तो माझ्याकडे बदलून टाकला होता. हलका, चकचकीत. लडक्याने त्यावर बोटाने टकटक केलं. "हे टोपाचं हाय. यात बारकी भात शिजवेल." मग सहा एमएमची लोखंडी प्लेट. तिचं एक टोक उचलून पाहिलं आणि स्वतःच म्हणाला, "हिने माझी म्हातारी नाक घासत चालेल." खरंच होतं. पुढचे स्प्रिंगचे पाटे आधीच बसलेले होते.

शेवटी माझ्या मनातलं होतं तेच ठरलं. चार एमएमचा लोखंडी पत्रा, खालून दोन पट्ट्यांचा आधार, पुढची कड होडीच्या पुढच्या टोकासारखी वर उचललेली, म्हणजे दगड आला की गाडी त्यावरून घसरून जाईल. चेसिसला चार बोल्ट. चेंबर आणि पत्रा यांच्यात दोन बोटं फट. मी खडूने पत्र्यावर गोल काढायला लागलो.

"हे काय?" लडक्याने विचारलं.

"भोकं. हवा लागायला, चिखल पडून जायला. आणि हे मोठं चेंबरच्या बोल्टखाली, तेल बदलायला."

"भोकं नको."

"का?"

"तेल पडतं."

"अरे, पडायलाच तर भोकं!"

"खळ्यात पडतं," तो म्हणाला. मग खाली बसून त्याने सांगितलं. पाड्यावर त्याच्या घरापुढे सपाट जागा एकच, अंगण. तिथेच जीप उभी राहते आणि भात झोडायचं खळंही तिथेच. बारकी शेण घालून ते सारवून-सारवून ताटासारखं करते. गेल्या वर्षी जीपचं तेल त्या सारवणात मुरलं आणि भाताला वास लागला. वर्षभर घरात जेवताना तोच वास. पाहुणे आले तर पहिल्या घासाला थांबायचे. बारकीने भाताची परात त्याच्यापुढे आदळून सांगितलं होतं, एक तर खळं ठेव नाहीतर जीप. "तू असा पत्रा कर," तो म्हणाला, "की माझ्या अंगणात एक थेंब पडायला नको."

मला राग आला. मी सहा वर्षं हेच काम करत होतो, आणि हा मला शेणाच्या सारवणावरून लोखंड शिकवत होता. मी म्हटलं, "बिनभोकांचा गार्ड कुणी लावत नाही." तो म्हणाला, "मी लावतो." मी म्हटलं, "चिखल साठेल." म्हणाला, "साठू दे." असं दहा मिनिटं चाललं. रूपी बाजूला पत्र्याच्या तुकड्यावर बसून पुस्तक वाचत होती. तिने मान वर केली.

"पण बाबा, भोकं नसली तर आत पडलेलं तेल जाणार कुठे?"

त्या सकाळी आमच्या तिघांत अक्कल तिला एकटीलाच होती. आम्ही दोघं मात्र एकमेकांशी भांडण्यात गुंतलेलो. लडक्या म्हणाला, "तू वाच." आणि मी, रागाच्या भरात, हसून म्हणालो, "जाईल कुठे, राहील तिथेच!" ती पुन्हा पुस्तकात गेली.

"तुझी गाडी, तुझं डोकं," असं म्हणून मी खडूचे गोल पायाने पुसले. आणि मग रागाने असं काम केलं की विचारू नका. चारही कडा वर वळवल्या, कोपरे जोडले, वेल्डिंगची शिवण अशी बसवली की बोट फिरवलं तरी लागू नये. पत्रा म्हणजे परातच झाली. बसवण्याआधी त्यात बादलीभर पाणी ओतलं आणि एक बिडी संपेपर्यंत दोघं बघत बसलो. एक थेंब गळला नाही. मला अभिमान वाटला. आता लपवून काय उपयोग, चांगलाच वाटला.

निघताना मी म्हटलं, "आता खालचं दिसणार नाही. काडी घाल नवीन." "घालतो," म्हणाला. ती चिपाटी मी पाहिली होती. त्या जीपला बसेल अशी जुनी काडी माझ्याच दुकानात खिळ्याला लटकत होती. हात वर करून काढून द्यायची होती, दोन पावलं. मी रागात होतो. नाही काढली.

नोव्हेंबरात जमीन हलायला लागली. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात त्या हिवाळ्यात धक्क्यांना अंतच नव्हता. आधी पोटातून निघाल्यासारखा गडगडाट, मग धप्प. भिंतींना भेगा गेल्या, माणसं घराबाहेर राहायला लागली, शाळांतून पोरांना शिकवलं की आवाज आला की उघड्यावर पळायचं. लडक्याच्या जीपने पाड्यापाड्यांवर ताडपत्र्या वाहिल्या. रस्त्यात नवे दगड घरंगळून येत, आणि ते गार्डवर आपटले की तो स्टिअरिंगवर थाप मारून म्हणायचा, "घे, आपट अजून!"

अंगण मात्र लख्ख. बारकीने खळं सारवलं, भात झोडलं, आणि नव्या तांदळाची पुरचुंडी माझ्यासाठी पाठवली. "वास नाय," असा निरोप सोबत. लडक्या रोज सकाळी उकिडवा बसायचा, कोरी जमीन बघायचा आणि खुशीत उठायचा. जानेवारीत एकदा दुकानासमोर गाडी थांबवून ओरडला, "मिस्त्री, तुझ्या पत्र्याने गळतीच बंद झाली रे! तीन महिने डबा नाय उघडला." मी गेटच्या कामात होतो. तोंडावरची काच वर करून मी म्हणालो, "बरं झालं." आणि काच पुन्हा खाली ओढली.

बरं झालं! लोखंडाच्या पत्र्याने गळती बंद होते का? चेंबरच्या बोल्टमधून थेंब पडत होता तो पडतच होता. फक्त जमिनीऐवजी माझ्या परातीत पडत होता. हातातलं वेल्डिंगचं होल्डर क्षणभर खाली ठेवून मी डोकं चालवलं असतं तर मला ते तिथल्या तिथे कळलं असतं. दहावीच्या मुलीला कळलं होतं.

मार्चमध्ये दहावीची परीक्षा सुरू झाली. केंद्र तलासरीला. पहिले पेपर नीट गेले. गणिताच्या पहिल्या पेपरला लडक्या नऊलाच निघाला, पेपर अकराचा असून. गाडीत रूपी आणि त्यांच्याच बाजूच्या पाड्यावरच्या दोघी, जमना आणि काळी. दुसरं कुणी घेतलं नाही. "आज पोरींची गाडी," असं मजुरांना सांगून आला होता. हे पुढचं मला काही त्याने सांगितलं, काही रूपीने, आणि काही नविनने, जो माझ्याच गावचा आहे आणि सुकी मासळी घेऊन मोटरसायकलवर पाडे फिरतो.

दोन किलोमीटर आल्यावर गाडीखालून गडगड झाली आणि पायाखालचा पत्रा थरथरला. काळी ओरडली, "धक्का!" शाळेत शिकवलं होतं तसं तिघी उड्या टाकून शेतात पळाल्या. लडक्याही पळाला. इंजिन चालूच ठेवलं, कारण बंद केलं की ढकलल्याशिवाय चालू व्हायचं नाही. शेताच्या मधोमध उभं राहून चौघं बघत होते, जीप उभ्या जागी हलतेय, दारं वाजतायत. त्यांना वाटलं जमीन हलतेय. अशी पाचसात मिनिटं गेली. मग आवाज जरा बसला आणि ते परत चढले. बिनतेलाचं इंजिन धडपडत होतं, आणि त्या वर्षी आमच्याकडच्या कुणालाही थरथरीचा दुसरा अर्थ सुचत नव्हता. मी असतो तर मीही शेतात पळालो असतो.

पुढच्या चढाला कडाड आवाज झाला आणि इंजिन जाम झालं. मागची चाकं ओढत गाडी थांबली. लडक्याने बॉनेट उघडलं, धूर निघाला. सवयीने तो खाली उकिडवा बसला आणि जमिनीकडे पाहिलं. जमीन कोरी होती.

तिथे फोनला रेंज नाही. रस्त्यावर चिटपाखरू नाही. आठ किलोमीटर बाकी. दहा वाजून गेल्यावर नविन आला, मागे बोंबलांची पेटी बांधलेली. त्याने कुणी न सांगताच पेटी सोडून रस्त्याच्या कडेला ठेवली. "दोघी बसतील," म्हणाला, "तिसरीला नाय जमणार, रस्ता असा आहे. सोडून लगेच परत येतो."

तीन मुली आणि दोन जागा.

लडक्याने काळीला बसवलं आणि जमनाला बसवलं. नविन मला सांगत होता की त्याला विचारही करावा लागला नाही. रूपी एक पाऊल पुढे आली होती, तर त्याने तिच्या दंडाला धरून मागे घेतलं. "लोकांच्या पोरी आधी," एवढंच म्हणाला. लोकांनी आपल्या मुली त्याच्या गाडीत घातल्या होत्या. त्यांच्या आयांना तो संध्याकाळी काय तोंड दाखवणार होता? त्याचं चुकलं असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. बरोबर होतं असं म्हणायलाही वळत नाही.

मोटरसायकल गेली. वाट बघत दोघं वीस मिनिटं उभे राहिले. ज्याची स्वतःची गाडी त्याच्यासमोर धूर ओकत पडली होती, त्याने दुसऱ्याच्या गाडीवर किती वेळ भरवसा ठेवायचा? साडेदहाच्या सुमाराला त्याने रूपीचा हात धरला आणि नाल्यातून, सागाच्या रानातून जाणारी पायवाट धरली. एखादा किलोमीटर वाचतो त्या वाटेने. दोघं पळत होते. रूपी म्हणत होती, कंपासपेटीचा आवाज कानात एवढा बसला की नंतर कितीतरी दिवस ऐकू यायचा.

अकराला पाच मिनिटं कमी असताना नविन जीपपाशी परतला. बोंबलांची पेटी होती, माणसं नव्हती. त्याने हाका मारल्या, खडकपाड्याच्या बाजूला थोडं मागे जाऊन पाहिलं. उभे राहिले असते तर अकरा वीसला रूपी वर्गात असती.

केंद्राच्या फाटकाशी दोघं पोचले तेव्हा बारा वाजायला वीस मिनिटं होती. अर्धा तास उलटला की कुणाला आत घेत नाहीत. फाटक बंद होऊन दहा मिनिटं झाली होती. लडक्याने हात जोडले, इंजिनाचं सांगितलं, पाय धरायला वाकला. फाटकावरचा माणूस वाईट नव्हता. आत जाऊन विचारून आला. परत येऊन म्हणाला, "लवकर निघायचं ना, भाऊ." दोन तास आधी निघालेल्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं. खिडकीतून जमनाची वेणी दिसत होती, असं रूपी म्हणाली.

तिथून ते चालत माझ्याकडे आले. मी ट्रॅक्टर घेऊन गेलो आणि जीप ओढून आणली. रूपी युनिफॉर्ममध्येच दुकानात उभी होती. मी गाडीखाली शिरून चार बोल्ट सोडले, आणि पत्रा असा जड होऊन खाली आला की माझा हात दबला. आत काळा लगदा. धूळ, सागाची पानं, भाताचा पेंढा, आणि सगळ्यात तेल मुरलेलं. पाच महिन्यांचं तेल त्या कचऱ्याने पिऊन टाकलं होतं. लडक्याने बोट बुडवलं, नाकाशी नेलं. गेल्या वर्षी भाताला येत होता तोच वास. शर्टाला बोट पुसत राहिला, पुसून झालं तरी पुसत राहिला.

रूपीने परातीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. 'मी विचारलं होतं,' असं ती म्हणाली असती तर मी तिचे उपकार मानले असते. ऑक्टोबरातलं माझं ते हसणं तेव्हा मला ऐकू आलं, आणि आजही वेल्डिंग करताना मध्येच ऐकू येतं.

इंजिन गेलं होतं, पार. जीप भंगारात गेली. लडक्या संजाणच्या बाजूला बांधकामावर जायला लागला, बारकी आणि रूपी बोर्डीच्या वाडीत चिकूच्या कामाला. जूनमध्ये निकाल लागला. बाकी सगळ्या विषयांत रूपी पास होती, मराठीत तर चांगलेच मार्क. काळी आणि जमना पास. गणिताची परीक्षा जुलैत पुन्हा देता येते. मी शाळेतून फॉर्म आणला आणि तो घेऊन बोर्डीला गेलो.

ती झाडाखाली बसून चिकू निवडत होती, लहान एकीकडे, मोठे एकीकडे. मी फॉर्म पुढे धरला. म्हटलं, मी स्वतः गाडी करून केंद्रावर सोडतो, आदल्या दिवशीच तलासरीला येऊन माझ्या घरी राहा, माझी बायकोही आहे, काळजी नको. बरंच बोललो. तिने सगळं ऐकून घेतलं. हात थांबले नाहीत.

"काका, गणित मला येत होतं," ती म्हणाली. "येऊन काय झालं?"

मी म्हटलं, "एकदा चुकलं म्हणून..."

"माझं नव्हतं चुकलं," ती म्हणाली. रागाने नाही. चिकूवरची धूळ पुसत. "मला सगळे सांगतात शीक, शीक. आणि मी काही विचारलं की म्हणतात, तू वाच."

फॉर्म मी तिथेच टोपलीशेजारी ठेवून आलो. तिने तो भरला नाही. शेवटची तारीख गेल्यावर मी वाडीत निरोप पाठवला, त्यालाही उत्तर नाही. लडक्याला विचारलं तर म्हणाला, "मी कोणत्या तोंडाने सांगू?" आता ती उंबरगावच्या एका कंपनीत पॅकिंगला जाते. सकाळी सहाला टेम्पो येतो. मागे पंधरा बायका उभ्या असतात. डावी सीट वगैरे काही नसते.

तेव्हापासून माझ्याकडे गार्ड करून घ्यायला जो येईल त्याला मी न विचारता भोकं पाडतो. नको म्हणाला तर भांडतो, आणि तरी नकोच म्हणाला तर काम करत नाही. जुनी काडी खिळ्यावरून काढून मी गल्ल्यात ठेवली आहे. याने कुणाचं काही परत येत नाही, ते मला कळतं.

त्या वर्षी भात झोडून झाल्यावर मी खडकपाड्याला गेलो. मोटरसायकलने, नविनच्या मागे बसून. त्या चढाला नविनने वेग कमी केला. अंगण सारवलेलं होतं, ताटासारखं. बारकीने बसायला गोणपाट दिलं आणि माझ्यापुढे भात वाढला. वास नव्हता. मी सगळा संपवला.

लडक्या अंगणाच्या कडेला उकिडवा बसला होता, जीप उभी राहायची त्याच जागेपुढे. बारकी हळूच म्हणाली, रोज सकाळी बसतो, तसाच. चहा झाला की कामावर जातो.

आणि त्याच्यासमोर माझा पत्रा होता. जीप भंगारात गेली तेव्हा तेवढा त्याने सोडवून घेतला होता. घासून धुतलेला, चारही कडा वर वळलेल्या, आत काठोकाठ पाणी. तीन कोंबड्या त्याच्या कडेवर चढून पाणी पीत होत्या. लडक्याने माझ्याकडे पाहून मान हलवली. त्यात टोमणा नव्हता, टोमणा असता तर बरं झालं असतं. तो मनापासून माझ्या कामाचं कौतुक करत होता.

"पक्कं काम रे तुझं, मिस्त्री," तो म्हणाला. "वर्ष झालं. एक थेंब नाय गळत."